पाम्फिलची चाल

ब्राइला,
फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय लाव्हिनिया,

माझ्यावर या महिन्यात जो घोर अन्याय झाला आहे त्याची दाद कुठे मागावी हे मला कळेनासं झालं आहे. नगरपालिका माझं ऐकणार नाही, बिशप ऐकणार नाहीत, आणि शेजारची म्हातारी ऐकते, पण कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असतं तेव्हाच. म्हणून तुला लिहिते. आमच्या पत्त्यांच्या क्लबात सूर्यफुलाच्या बिया खायला बंदी आली आहे! बुखारेस्टहून एक नवी व्यवस्थापिका आणली आहे, तिचं वय माझ्या चष्म्याच्या फ्रेमपेक्षा कमी. तिने टेबलांना नवं हिरवं कापड लावलं, आणि भिंतीवर चौकटीत घालून सूचना टांगली, की टरफलांमुळे ‘खेळाच्या प्रतिष्ठेस बाधा येते’. खेळाची प्रतिष्ठा! पलीकडच्या टेबलावर एक माणूस घरी न सांगता घरभाडं हरतोय, त्याने बाधा येत नाही. माझ्या मुठीभर बियांनी येते. मी तिला म्हटलं, ‘‘पोरी, या गावात माणूस बाप्तिस्म्याला बिया खातो आणि फुटबॉललाही खातो. तू आम्हाला हात कुठे ठेवायला सांगतेस?’’ ती म्हणाली, ‘‘मांडीवर, मॅडम.’’ मॅडम! तेव्हापासून मी दर रविवारी परीक्षेला बसल्यासारखी मांडीवर हात ठेवून बसते.

आणि हे नुसतं जिभेचं दुःख नाही. त्या बिया म्हणजे माझं वर्तमानपत्र होतं. आपला दातांचा डॉक्टर झाहारिया, चांगले पत्ते आले की बिया फोडायचा थांबायचा. अगदी अर्ध्यात, बी तशीच दातात धरून. आता सगळेच हात मांडीवर आणि तोंडं बंद, त्यामुळे माणूस वाचायला एकच जागा उरली, त्याची चाल. तुला पत्ते कळत नाहीत, आणि कळावेत असं तुझ्या आईला कधी वाटलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात आणि पाच पत्ते मधे उघडे मांडतात, ते सगळ्यांचे. बाकीचा खेळ पत्त्यांचा नाहीच. कोण किती चकत्या, म्हणजे पैसे, पुढे सरकवतो, तेवढाच खेळ. पुढच्याने लावलं तितकं तूही लावायचं, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. चाल छोटी असेल तर तो तुला आत ये म्हणतोय की बाहेर जा म्हणतोय, हे ओळखता आलं म्हणजे झालं. झाहारियाचं सोपं आहे. हातात भारी पत्ते असले की तो दोनच चकत्या अशा हळुवार पुढे ठेवतो, की खुर्चीतल्या पेशंटला सांगतोय, ‘‘आ करा, काही होत नाही.’’ अशा वेळी दात गेलाच म्हणून समजावं. आणि हातात काही नसलं की अख्खा ढीग ढकलतो, आपण घाबरून पळावं म्हणून. ‘‘अहो डॉक्टर, एवढा ढीग? दवाखाना विकलात का?’’ असं तुझा बाबा विचारायचा, आणि डॉक्टरचे कान लाल व्हायचे. मग आम्ही सगळे त्याची बरोबरी करायचो. वीस वर्षं झाली, त्याला अजून कळलेलं नाही आपण हरतो का ते.

तुझ्या बाबाचं वाचणं इतकं सोपं नव्हतं. तुझी आई गेल्यावर मीच त्याला ओढत क्लबात नेलं, हे तुला आठवत असेल. तू तेव्हा दहावी-अकरावीत असशील. रविवारी चर्च सुटलं की तो घरी जाऊन पलंगाच्या कडेवर बसायचा आणि अंधार पडेपर्यंत तसाच बसायचा. तुझ्या आईने मला मैत्रीण म्हणून दुसरं काही मागितलं नसतं, पण हे मागितलं असतं. पहिल्याच रविवारी तुझ्या बाबाने, आपल्या पाम्फिलने, सगळ्यांना सपशेल हरवलं. फुलवाला आहे, हात स्थिर. काटे टोचून टोचून चेहऱ्यावर काही उमटायचं बंद झालेलं. कधी मोठी चाल लावून हूल द्यायचा, कधी छोटी लावून. कधी खरे पत्ते असताना मोठी, कधी छोटी. कुणाला काही पत्ता लागेना. बंदरावरचा एक निवृत्त कप्तान तर वही घेऊन लिहून घ्यायचा आणि दर महिन्याला नवा सिद्धान्त मांडून हरायचा.

मला पत्ता लागला तो क्लबात नाही, तुमच्या फुलांच्या टपरीवर. मी माझ्या आईच्या कबरीसाठी फुलं घ्यायला थांबले होते. माझ्यापुढे केस चोपडून बसवलेला एक तरुण होता. म्हणाला, ‘‘दहा गुलाब द्या.’’ पाम्फिलने मान वर न करता विचारलं, ‘‘कोण गेलं?’’

‘‘गेलं नाही कुणी! मागणी घालायला चाललोय.’’

‘‘मग नऊ घे. नाहीतर अकरा. दहा घेऊन गेलास तर मुलीची आई दारातच रडायला बसेल.’’

‘‘काका, पण मी दहाचे पैसे देतोय ना!’’

‘‘दहाचे दे. फुलं नऊ ने. लग्न टिकलं तर दहावं घेऊन जा.’’

फुलवाल्याच्या मुलीला मी हे काय सांगणार, जिवंत माणसाला विषम आणि मेलेल्याला सम. हे तू चालायच्या आधी शिकलीस. पण मी त्या दिवशी त्याच्या हाताकडे पाहत होते. तो जोडीजोडीने फुलं उचलायचा, अंगठा आणि दोन बोटं, दोन, चार, सहा, आठ, आणि मग क्षणभर थांबून एक एकटं फूल वर ठेवायचा. त्या पोराचा गुच्छ तसा झाला. मग माझ्यासाठी बादलीतून शेवंती उचलली, दोन, चार, सहा, आणि एकट्या फुलापाशी न जाता हात सरळ दोऱ्याकडे गेला. हा हात मी दर रविवारी बघत होते! चकत्या तो तशाच उचलायचा. जोडी, जोडी, आणि पत्त्यांत जीव असेल तर वर एक एकटी. तीन, पाच, सात. नुसती हूल द्यायची असेल तेव्हा दोन, चार, सहा, आणि हात परत मांडीवर. सगळं गाव त्याची चाल मोठी की छोटी हे बघत होतं. ती चाल जिवंत की मेलेली हे फक्त मी बघत होते. त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांच्या सवयीने त्याच्या हाताला मेलेल्या वस्तूवर विषम मोजवत नव्हतं, इतकंच.

या शोधावर मी माझ्या चष्म्याच्या दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली, हे तुला सांगायला हरकत नाही. पण जपून वापरला. दर वेळी वापरला असता तर त्याच्या लक्षात आलं असतं, म्हणून मी मधूनमधून, त्याने चार लावल्या तरी, सुस्कारा टाकून पत्ते टाकून द्यायचे. तो मग इतका खूश व्हायचा की जिना उतरताना शिट्टी वाजवायचा आणि मला घरापर्यंत सोडायला यायचा. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की आपण हे हिशेबाने करतो.

तर आता अलीकडचं. तू नाताळला येऊ शकली नाहीस, तू इटलीत सांभाळतेस त्या बोलोन्यातल्या म्हाताऱ्याने मांडीचं हाड मोडून घेतलं होतं आणि त्याच्या मुलांना बर्फात घसरायला डोंगरावर जायचं होतं. पाम्फिल म्हणाला, ‘‘बरं झालं, ऑगस्टमध्ये येईल, तेव्हा नदीवर नेता येईल.’’ या महिन्याच्या पहिल्या रविवारी मधे एक राणी होती, माझ्या हातात दोन राजे, आणि तुझ्या बाबाने चार चकत्या पुढे सरकवल्या. जोडी, जोडी. माझ्या मनात लाडू फुटले. मी बरोबरी केली. पुढच्या पत्त्यावर त्याने सहा लावल्या, मी पुन्हा बरोबरी केली, आणि त्याने पत्ते उलटे केले तर दोन राण्या, मधली धरून तीन. झाहारिया टेबलावर थाप मारून म्हणाला, ‘‘ऑलिंपियाबाई, चष्मा बदलायला झाला! स्वतःच्याच दुकानातून घ्या, सवलत मिळेल!’’ मी इतकी चिडले की कोट विसरून घरी आले. माझी आयुष्यभराची ठेव कुणीतरी चोरल्यासारखं झालं होतं. म्हटलं, कुणीतरी त्याला सांगितलं. त्या कप्तानाने वहीत एकदाचं बरोबर लिहिलं.

पुढच्या रविवारी मी डाव खेळले नाही, फक्त त्याचा हात पाहिला. हाती एक्क्यांची जोडी असतानाही चार. काही नसतानाही चार. रंग जुळला तेव्हा आठ. कुणी शिकवलेलं असतं तर त्याने उलटं केलं असतं, मधेच सम मधेच विषम, माझी गंमत करायला. हे तसं नव्हतं. जोडी, जोडी, आणि मग जिथे ती एकटी चकती यायची तिथे हात थबकायचा, हवेत, आणि रिकामा परत जायचा. मी समोर मांडीवर हात ठेवून बसले होते, त्या पोरीच्या आज्ञेप्रमाणे. पत्ते जिवंत होते, लाव्हिनिया. हात पत्त्यांचं मोजतच नव्हता, धन्याचं मोजत होता.

माणूस मूर्ख कसा असतो बघ. ऑक्टोबरपासून पाम्फिल दोनदा माझ्या दुकानात आला होता, चष्मा नाकावरून घसरतो म्हणून. मी दोन्ही वेळा काड्या वाकवून आवळून दिल्या आणि वर टोमणा मारला, ‘‘फुलांना पाणी घालताना खाली बघतोस, म्हणून घसरतो. जरा बायकांकडे बघ, मान वर राहील.’’ तो म्हणाला, ‘‘बघतो की. रविवारी रविवारी.’’ मी स्वतःला मोठी विनोदी समजले आणि पेचकस ड्रॉवरमध्ये टाकला. डोळ्यांचा धंदा करणारी बाई मी. चष्मा सैल होत नव्हता, चेहरा आत जात होता.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी टपरीवर गेले. तो पालथ्या बादलीवर बसला होता आणि समोर फक्त ट्युलिपच्या दोन बादल्या. आठ मार्च तोंडावर, गावातला प्रत्येक पुरुष त्या दिवशी बायको, आई, सासू आणि ऑफिसातल्या बायकांना फुलं देतो. तुमचं अर्ध्या वर्षाचं उत्पन्न त्या आठवड्यात. दरवर्षी या सुमाराला टपरीत पाय ठेवायला जागा नसते, तू लहानपणी त्या खोक्यांमध्ये झोपायचीस. या वर्षी त्याने माल मागवलाच नव्हता. मी विचारलं नाही. उभ्या उभ्या म्हटलं, ‘‘पाम्फिल, तुझ्याकडे तीन राण्या होत्या आणि तू चार लावल्यास.’’

‘‘मग? जिंकलो ना.’’

‘‘तू पत्ते चांगले असताना चार कधी लावत नाहीस. तीन लावतोस, पाच लावतोस. चार फक्त हूल देताना.’’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आपल्या उजव्या हाताकडे, जणू तो हात कुणीतरी टपरीवर विसरून गेलं होतं. मग खो खो हसायला लागला. ‘‘म्हणजे बाई, तू इतकी वर्षं मला लुटत होतीस?’’

‘‘लुटत नव्हते. जपून वापरत होते.’’

‘‘आणि मला वाटायचं तुला माझ्याबद्दल काही अंतर्ज्ञान आहे!’’

‘‘आहे की. दोनाने भागून बघायचं.’’

हसणं थांबलं तेव्हा तो धापा टाकत होता. मी दुसरी बादली पालथी घातली आणि शेजारी बसले. एक बाई आली, ट्युलिपचा भाव विचारून गेली. तेव्हा त्याने सांगितलं, रस्त्याकडे बघत, पोटात गाठ आहे, स्वादुपिंडात, आणि आता यकृतातही. गलाट्सच्या इस्पितळातल्या डॉक्टरला त्याने सरळ विचारलं नव्हतं. ‘‘मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मे महिन्याच्या शेवटी पिओनीची फुलं येतात, ती मीच विकेन का? तर तो खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीबाहेर भिंत होती, बाई. मलाही थोडंफार वाचता येतं.’’

मी लगेच तुझं नाव काढलं. तो एकदम ताठ झाला. म्हणाला, ‘‘लाव्हिनियाला फोनवर एक अक्षर बोलायचं नाहीस. शपथ घे.’’ मी म्हटलं, का? तर म्हणाला, ‘‘ती तिकडे सकाळी सहाला उठून एका म्हाताऱ्याला उठवते, बसवते, पुसते, भरवते. सुटी काढून इथे यायचं, आणि काय करायचं? तेच? निदान तिकडे पगार तरी देतात.’’ मी म्हटलं, तो परका आहे, तू बाप आहेस. ‘‘म्हणूनच,’’ तो म्हणाला. ‘‘त्या म्हाताऱ्याला उघडं बघून ती घरी गेल्यावर विसरते. मला बघितलं तर विसरणार नाही. मी तिच्या डोक्यात टपरीत उभा आहे, अंगात हिरवा एप्रन. तसाच राहू दे.’’ आणि मग, मी काही बोलायच्या आत, ‘‘ती ऑगस्ट म्हणाली आहे ना? ऑगस्टची चाल तिने लावली आहे. मी बघतो बरोबरी करता येते का.’’ मी शपथ घेतली. रडले वगैरे नाही, माझा तो स्वभाव नाही. त्याच्याकडून ट्युलिप घेतले, सात, आणि दुकानात जाऊन तीन गिऱ्हाइकांना चुकीच्या नंबरच्या काचा दिल्या.

त्याने हे सगळं सांगितल्यावरही मी तुला लिहिलं नसतं. शपथेचं मी फारसं मानत नाही, पण त्याचं म्हणणं मला पटलं होतं, निदान आपल्याला ते पटलं आहे असं मी धरून चालले होते. त्याच्या पोटातलं दुखणं त्याचं, मुलगी त्याची, तुला काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवायचा हक्क त्याचा. मी आपली रविवारची बाई. गेल्या रविवारपर्यंत मी या मतावर ठाम होते.

गेल्या रविवारी तो क्लबात आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी मफलर. झाहारियाला म्हणाला, ‘‘डॉक्टर, आठ मार्चचा माल आला बघा, बायकोसाठी आत्ताच सांगून ठेवा.’’ इतकं सहज, की मलाच क्षणभर वाटलं, आला असेल. खेळ दुपारभर संथ चालला. मग एका डावात आम्ही दोघंच उरलो. मधे एक गुलाम, माझ्या हातात दोन. तीन गुलाम म्हणजे क्वचितच हरणारी गोष्ट. शेवटचा पत्ता उघडला, बिनकामाचा. चाल त्याची. त्याने चकत्या उचलल्या, जोडी, जोडी. हात थबकला. आणि मग, लाव्हिनिया, त्याने एक एकटी चकती उचलली आणि त्या चारांवर ठेवली. हळूच. गुच्छावर ठेवायचा तशी.

‘‘पाच, बाई,’’ तो म्हणाला.

‘‘पाच?’’

‘‘मोजून घे.’’

झाहारिया वैतागला. ‘‘अहो, डाव खेळताय की साखरपुडा करताय? आमचं घरी सूप निवायला लागलंय!’’ पण मी बघतच राहिले. माझ्या डोक्यात सगळं लख्ख होतं. आपलं गुपित आपणच त्याला सोमवारी सांगून बसलो आहोत, आता त्या पाचांना काहीही अर्थ नाही, तो काय वाट्टेल ते लावू शकतो. हे एखाद्या नवशिक्यालाही कळलं असतं. आणि तरी मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर दाढी केल्यामुळे की खिडकीच्या उन्हामुळे, तो मला आधीपेक्षा कमी पिवळा वाटला. वाटलं, डॉक्टर चुकतात. वाटलं, दुसऱ्या तपासणीत काही वेगळं आलं असेल आणि हा लेकाचा मला अशा रीतीने सांगतोय, सगळ्यांच्या देखत, फक्त मला कळेल असं. पाच. जिवंत. मी माझे दोन्ही गुलाम पालथे टाकून दिले.

त्याने आपले पत्ते उघडे केले. तसा नियम नाही, जिंकलेल्याने दाखवायची गरज नसते. चौकटची सत्ती आणि किलवरची दुर्री. काही नाही. नुसती हवा. टेबल हसलं, कप्तान वही शोधायला लागला, आणि पाम्फिल खोकला येईपर्यंत हसला. ‘‘बघ, शिकलो,’’ तो म्हणाला. जिना उतरताना त्याने माझा दंड धरला. आजवर मी त्याचा धरत आले होते, आजही तसंच आहे असं लोकांना वाटावं म्हणून मी कोपर बाहेर काढलं. मधल्या पायरीवर तो दम खायला थांबला आणि अगदी खूश होऊन म्हणाला, ‘‘आता फोनवरही जमतं. काल लाव्हिनियाशी बोललो ना, एकदम पाच लावल्या. ती म्हणाली, बाबा, आज आवाज किती छान लागलाय तुमचा!’’

म्हणून हे पत्र. तुझा काही दोष नाही, पोरी. तू दीड हजार किलोमीटरवरून त्या पाचांवर विश्वास ठेवलास. मी हातभर अंतरावर बसून, सगळं माहीत असून ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता. आता त्याचा हातही खोटं बोलायला शिकला आहे, आणि तो मीच शिकवला, तेव्हा यापुढे तो काय म्हणतो, कसा म्हणतो, आवाज कसा लागतो, यातल्या कशावरून तुला काही कळणार नाही. म्हणून माझ्याकडून ऐक. तुझा बाबा जाणार आहे, आणि ऑगस्टपर्यंत थांबणार नाही. मला वाटतं पिओनी येईपर्यंतही नाही. त्याने मला फोनवर न बोलायची शपथ घातली होती आणि मी फोनवर एक अक्षर बोललेले नाही. नोकरीचं काय करायचं ते तू ठरव, मी त्यात पडत नाही. पण आलीस तर कारण म्हणून सांग, दाढ दुखते आणि इटलीत डॉक्टर परवडत नाही. अर्धं गाव त्याच कारणाने घरी येतं. त्याला कळेल. कळू दे. तो तुझ्याकडे एकदा बघेल आणि गुपचूप पत्ते टाकेल, हरायला त्याला इतकं कधीच आवडलं नसेल. आणि त्याला न्हाऊ घालायची वेळ आली तर ते मी करेन, तू बाहेर बस; त्याची इच्छाही राहील, आणि मलाही बरं वाटेल. हे पत्र घेऊन फनिका येतोय, आपल्या गावाहून इटलीला जाणारी बस तोच चालवतो, रविवारी दुपारी तुमच्या स्टेशनमागून परत निघेल. खिडकीकडची जागा त्याला धरून ठेवायला सांगितली आहे. तू पहिल्यांदा इटलीला निघालीस त्या सकाळी, बस सुटायला वेळ होता आणि माझे दात वाजत होते, थंडीने, असं मी म्हटलं होतं. तेव्हा तू तुझ्याजवळच्या शेवटच्या सुट्ट्या नाण्यांत मला यंत्रातली कॉफी घेऊन दिलीस. त्या कॉफीची फेड राहिली होती. फनिकाकडे पैसे दिले आहेत, पहिल्या थांब्यावर तो तुला कॉफी देईल. साखर दोन चमचे, मी सांगितलं आहे.

वाट बघणारी, तुझीच,
ऑलिंपियामावशी